हिच्या आयुष्यावर

आमच्या घरमालकांना घरमालक म्हटलेलं चालत नसे.

२००२ चा एप्रिल असेल. नागपूरहून न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानातल्या फळ्यावर मला चक्क मराठीतली चिठ्ठी दिसली: 'वरचा मजला देणे आहे. माणसे बघून.' माणसं बघून म्हणजे आपल्याचसाठी, असं म्हणत मी नवऱ्याला तशीच ओढत तिकडे घेऊन गेले. दार उघडलं एका उंच, किडकिडीत, स्वेटरवर स्वेटर घातलेल्या गृहस्थांनी.

"तुम्हीच घरमालक ना?" मी विचारलं.

"नाही. मालक आमची मुलगी. टेक्सासला असते, फ्रिस्कोला. मी इथे हिच्या आयुष्यावर राहतो." असं म्हणून त्यांनी मागे बोट दाखवलं. मागे सोफ्यावर काकू मांडीत परात घेऊन मटार सोलत बसल्या होत्या.

मी तर विरघळलेच. नवऱ्याला कोपराने ढोसलं. म्हटलं, ऐक, शिक काहीतरी. तेवढ्यात काकू खुदकन हसल्या. "अगं पोरी, प्रेमाने नाही म्हणत ते. कायद्याने म्हणताहेत. बस, चहा टाकते, मग समजावून सांगतील. चहा मोठा टाकावा लागेल."

काका सगळ्या जगाची वाटणी मालकीच्या प्रकारांत करत. अमेरिकेत आले होते ड्राफ्ट्समन म्हणून. मग कुठल्याशा मंदीत नोकरी गेली आणि त्यांनी टायटल सर्चचं काम धरलं. म्हणजे कुणी घर विकत घेणार असेल, की कौंटीच्या दप्तरखान्यात जाऊन जुनी खरेदीखतं उकरायची आणि विकणाऱ्याचं ते घर खरोखर त्याचंच आहे का, हे मागे मागे जात शोधायचं. आपल्याकडे सातबारा बघतात, तसंच. निवृत्त होईपर्यंत हेच केलं, आणि मग दुसरं काही त्यांच्या डोक्यात शिरेनाच.

"फी सिंपल म्हणजे पूर्ण मालकी," ते सांगत. "विका, ठेवा, मुलांना द्या, कुणी विचारणार नाही. नावात फी आहे पण फी नाही, सिंपल आहे पण सिंपल नाही." लाइफ इस्टेट म्हणजे तहहयात: जिवंत आहात तोवर राहा, मोडतोड करू नका, डोळे मिटले की घर पुढच्याचं. टेनन्सी इन कॉमन म्हणजे आपली भाऊबंदकी, 'हिस्से वेगळे आणि भांडण सामाईक.' जॉइंट टेनन्सी म्हणजे 'मागे उरेल त्याचं.' आणि सगळ्यात खालची पायरी टेनन्ट ॲट विल. त्याला ते 'मर्जीचा' म्हणत. मालकाची मर्जी आहे तोवर राहायचं, मालक निघ म्हणाला की निघायचं.

ही फूटपट्टी ते कुठेही लावत. मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आरती संपून जरा शांत झालं की यांचा आवाज: "गणपती मुदतीवर येतो. गौरी त्याहून कमी मुदतीवर. तहहयात काय ते उंदीर." बायका पदराआड हसायच्या आणि काकू कपाळाला हात लावायच्या. माझ्या नवऱ्याला एकदा त्यांनी बसवून सांगितलं, "तुझा एच-वन व्हिसा मुदतीचा. ग्रीन कार्ड तहहयात, अटी लागू. आणि नोकरी? ती मर्जीची. इथे सगळ्यांचीच मर्जीची असते, ऑफर लेटर वाच नीट."

काय तोंड म्हणावं या माणसाचं! त्याच उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर सुतकात बसल्यासारखे बसलो होतो. काका जिना चढून वर आले, धापा टाकत, आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा. हा मजला मुदतीचा आहे, मर्जीचा नाही. ॲग्रीमेंट आहे. तुम्हाला कुणी इथून हलवू शकत नाही, मीसुद्धा नाही." नवऱ्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत ते रोज वर येऊन हेच एक वाक्य बोलून खाली जात. मला आधी हसू यायचं. मग मी त्यांची वाट बघायला लागले.

आता ते 'हिच्या आयुष्यावर' काय होतं, ते सांगते.

मुलगी एकुलती एक. आपल्यामागे तिला कोर्टकचेरीचा ताप नको म्हणून काकांनी घर आधीच तिच्या नावावर करून टाकलं होतं. आपला राहण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला. आता कुणीही शहाणा माणूस लिहील, आम्हा दोघांच्या हयातीपर्यंत. वकिलाने तेच सुचवलं होतं. पण काकांनी लिहिलं, बायकोच्या हयातीपर्यंत. ती जिवंत आहे तोवर घर दोघांचं. ती गेली, त्या दिवशी हक्क संपला.

"कारण मी आधी जाणार," ते म्हणत. बायपास झालेली, काकूंपेक्षा वयाने चांगलेच मोठे, आणि त्यांच्या घराण्यात पुरुष फार जगलेलेच नाहीत. त्यांच्या हिशेबी प्रश्नच नव्हता.

"पण काका, दोन्ही नावं घालायला काय हरकत होती?" मी विचारलं.

ते एकदम चिडले. "दोन्ही नावं म्हणजे काय लिहायचं, माहीत आहे? मागे जो उरेल त्याच्या हयातीपर्यंत. म्हणजे ती गेली आणि मी उरलो तर, असं मी माझ्या हाताने लिहायचं? माझ्या जागेची सोय म्हणून? नाही लिहिणार."

काकूंनी एका दुपारी मेथी निवडता निवडता मला आतली गोष्ट सांगितली. काका लहान असतानाच त्यांचे वडील गेले होते. आई दिरांच्या घरी राहिली. ती माउली रोज सकाळी मोठ्या जावेपुढे उभी राहून विचारायची, 'आज मी काय करू?' "स्वयंपाक काय करू, एवढंच विचारत होत्या हो सासूबाई," काकू म्हणाल्या. "पण ह्यांना त्यात 'आज राहू का' असंच ऐकू यायचं. अजून येतं. मला तसं कुणापुढे उभं राहावं लागू नये म्हणून ही सगळी उठाठेव."

"मग तुम्ही का बोलला नाहीत, दोघांचं लिहा म्हणून?"

"बोलले की! ऐकतात थोडेच? आणि खरं सांगू का, मी देवाकडे उलटंच मागते." काकू डोळे मिचकावून म्हणाल्या. "मला अहेवपणीच जायचंय. ह्यांच्याआधी. ह्यांनी कागद लिहिला कौंटीत, मी अर्ज केलाय वर. बघू कुणाचा आधी मंजूर होतो."

न्यू जर्सीत वड कुठला आणायचा? काकूंनी दुकानातून फायकसचं झाड आणून कुंडीत वाढवलं होतं. वडाच्याच गोत्रातलं, म्हणायच्या. हिवाळ्यात ते दिवाणखान्यात यायचं आणि उन्हाळ्यात मागच्या अंगणात. वटपौर्णिमेला आम्ही पाच-सहा जणी जमून त्याच्याभोवती सूत गुंडाळायचो, आणि काका खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "सात जन्म म्हणजे मुदत झाली! फी सिंपल मागा, फी सिंपल!" काकू सूत न सोडता म्हणायच्या, "आत व्हा हो. तुमचंच मागतेय."

आणि रोज सकाळची ती त्यांची गंमत. आमच्या स्वयंपाकघराची जमीन म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराचं छत, आणि घर लाकडी, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. चहाच्या वेळी काकांचा खणखणीत आवाज यायचा: "काय, आहेस ना?"

"आहे हो, आहे."

"मग आजचा दिवस घर आपलं."

"चहा घ्या. गार होतोय."

एवढंच. पण मी वर चहा ओतताना हात थांबवून ते ऐकायची, आणि मगच माझा दिवस सुरू व्हायचा.

२००५ च्या संक्रांतीला काकूंचा अर्ज मंजूर झाला. हळदीकुंकवासाठी तीळ भाजत होत्या, तिथेच कोसळल्या. हॉस्पिटलात दोन दिवस होत्या, पण शुद्ध आली नाही. कपाळावरचं कुंकू नर्सने पुसलं होतं. मी पर्समधून काढून पुन्हा लावलं. भेटायला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, भाग्याची हो, अहेवपणी गेली. मला त्या 'भाग्याची' शब्दाचा इतका संताप आला की मी तिथून उठून कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. सगळ्या तिच्या भाग्याचं बोलत होत्या. मागे बाकावर बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नव्हतं.

दुपारी मी काकांना गाडीतून घरी आणलं. बर्फ पडत होतं. नवरा हॉस्पिटलात कागदपत्रांसाठी मागे थांबला होता. मुलगी दोन दिवस डॅलसच्या विमानतळावर अडकली होती, बर्फामुळे विमानं रद्द होत होती. काका पायऱ्या चढले, खिशातून किल्ली काढली, आणि दारापाशी थांबले.

"काय झालं, काका? किल्ली लागत नाहीये का? द्या इकडे."

"लागेल," ते म्हणाले. "पण मला आत जाता येणार नाही. हक्क संपला ना. मी आता इथला कुणी नाही."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. पण त्यांचा चेहरा अगदी स्थिर होता, एखादं खरेदीखत वाचून दाखवताना असायचा तसा.

"काका, वेडेपणा करू नका. थंडी बघा किती आहे. बरं, तुम्ही नाही ना इथले? मी तर आहे? माझं ॲग्रीमेंट आहे. मी तुम्हाला माझा पाहुणा म्हणून आत बोलावते. चला."

त्यांनी खरोखर विचार केला त्यावर. मग मान हलवली. "तुझं ॲग्रीमेंट माझ्याकडून आलंय. माझंच संपलं, तर तुझं कुठून राहणार?"

"मग आता आपण दोघांनी इथेच गोठून मरायचं का?" मी ओरडले. मला रडू फुटलं. काकूंसाठी हॉस्पिटलात आलं नव्हतं, ते सगळं त्या पायरीवर आलं.

शेवटी मी मुलीला फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेऊन हा माणूस आपल्या लेकीला विचारत होता, "बाळा, आत जाऊ का?"

तिकडून ती काय ओरडली, ते मलाही ऐकू आलं. "बाबा! व्हॉट आर यू सेइंग? प्लीज आत जा! आत जा ना, बाबा, प्लीज!"

"परवानगी दिली," काकांनी मला सांगितलं, किल्ली फिरवली आणि बूट बाहेर काढून आत गेले.

त्या दिवसापासून काका मर्जीचे झाले. कुणीही आलं तरी सांगायचे, अगदी पोस्टमनलासुद्धा: "आय ॲम ॲट विल." मुलगी फोनवर जीव तोडून म्हणायची, बाबा, इट्स युवर हाउस. हे म्हणायचे, नाही, तुझं आहे, तुझी मर्जी आहे तोवर मी आहे. काकूंचा फोटो मोठा करून आणला, तर भिंतीला खिळा मारू का, म्हणून फ्रिस्कोला फोन. परवानगी मिळाली. तरी फोटो खुर्चीवरच भिंतीला टेकवून ठेवलेला. मी विचारलं, तर म्हणाले, "खिळ्याने लावलं की ते घराचं होतं. मग मी निघालो की ती इथेच राहील."



मी त्यांच्याच शस्त्रांनी लढून पाहिलं. म्हटलं, काका, इतकी वर्षं इथे राहताय, वहिवाटीचा हक्क नाही का लागत? त्यांना प्रश्न आवडला. कितीतरी दिवसांनी डोळे चमकले. "लागतो ना. पण वहिवाट विरोधात असावी लागते. मालकाच्या नाकावर टिच्चून राहिलं तर. मी कुणाच्या विरोधात राहू? लेकीच्या?"

सकाळी मात्र खालून आवाज येईनासा झाला होता. चहाच्या भांड्याचा यायचा, कपबशीचा यायचा. तो एक प्रश्न तेवढा यायचा नाही. मी वर चहा ओतायची आणि उगाच थांबायची.

पुढच्या हिवाळ्यात ते मागच्या अंगणात बर्फावर पडले. मोडलं काही नाही, पण बराच वेळ तिथेच पडून होते. मुलीने हाय खाल्ली. उन्हाळ्यात ती स्वतः आली, वकिलाकडून नवा कागद करून घेऊन. काकांना तहहयात हक्क, त्यांच्या स्वतःच्या हयातीपर्यंत. कागद तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मलाही खाली बोलावलं, मी काहीतरी मदत करीन म्हणून असेल.

काकांनी चष्मा लावून तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. चतुःसीमेत एक चूक होती, ती दाखवली. मसुदा चांगला आहे म्हणाले. मग कागद तिच्याकडे सरकवला.

"घेत नाही."

"बाबा, बट व्हाय? मी देतेय ना!"

"देणाऱ्याने देऊन होत नाही. घेणाऱ्याने घ्यावं लागतं, तरच ते देणं होतं. कायदा आहे."

"फरगेट द कायदा! यू वॉन्ट टू लिव्ह लाइक अ टेनन्ट? आईला काय वाटलं असतं?"

हे लागलं त्यांना. त्यांनी खिडकीतून अंगणातल्या फायकसकडे पाहिलं. मग म्हणाले, "हयातीवर घर घ्यायचं, तर ती हयात आहे की नाही, हे रोज कुणीतरी बघावं लागतं. तुझ्या आईला मी रोज सकाळी विचारायचो. आहेस ना म्हणून. मला कोण विचारणार?"

मग ती मुलगी, अमेरिकेत वाढलेली, आमच्यासमोर कधी धड दोन वाक्यं सलग मराठीत न बोललेली, उठली आणि त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "मी विचारीन, बाबा. रोज विचारीन."

"टेक्सासहून?"

"मग माझ्याकडे चला."

असे काका फ्रिस्कोला गेले. नेलं काय, तर कपडे, काकूंचा फोटो आणि औषधं. देव्हारा भिंतीला स्क्रूने बसवलेला होता, तो घराचा म्हणून तिथेच ठेवला. देव तेवढे उचलले, ते जंगम. फायकस विमानातून नेता येईना. "हेही जंगम आहे, कुंडीत आहे म्हणून," असं म्हणत त्यांनी ते मला दिलं. "पण तुझ्या हयातीवर नाही देत. झाडाच्या हयातीवर. ते जगेल तोवर तुझं." मी वाकून नमस्कार केला.

घर विकलं गेलं. आम्ही शेजारच्याच आयसेलिनला स्वतःचं घेतलं आणि त्यांना फोन करून सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "नावं कशी लिहिलीत?"

"तुम्ही म्हणायचात तसं, काका. दोघांची. मागे उरेल त्याचं."

 काकांनी ते शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग म्हणाले, "बरं केलंत. मला नाही लिहवलं ते."

मुलगी अधूनमधून फोन करायची. तिचं सांगणं ठरलेलं असायचं. ती रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक करते आणि विचारते, "बाबा, आहात ना?" आतून उत्तर येतं, "आहे." आणि मग लगेच ते तिला विचारतात, "आज राहू ना?" तिला आधी राग यायचा. म्हणायची, हे काय विचारणं झालं? मग तिने समजून घेतलं. "राहा, बाबा," म्हणायची आणि ऑफिसला जायची. त्यांना फक्त त्या एका दिवसापुरतं उत्तर हवं असायचं. त्यांच्या आईचा प्रश्न त्यांच्या तोंडी आला होता, फक्त इथे 'राहा' म्हणणारं माणूस प्रेमाचं होतं. मी स्वतःची तेवढीच समजूत घालून घ्यायची. पण खरं सांगते, फोन ठेवला की मला दर वेळी वाईटच वाटायचं. सबंध आयुष्य ज्या पायरीवर बायकोला उभं राहू द्यायचं नाही म्हणून धडपडले, तिथे हे स्वतः जाऊन उभे राहिले होते.

२००८ च्या मार्चमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. एवढ्या सकाळी तिचा कधी येत नसे. मी फायकसला पाणी घालत होते. 

"मी दार वाजवलं," ती म्हणाली. "आय आस्क्ड हिम. रोजच्यासारखं विचारलं मी. बाबा, आहात ना?" आणि परत, "विचारलं होतं मी. आजपण विचारलं होतं."